शेवटच्या चार सुतांचा हिशेब

मोटारगाडीच्या मागील बाजूस, बंपरच्या कडेला किंवा त्यात मुद्दाम राखलेल्या कोनाड्यात, सायलेन्सरचे जे चकचकीत तोंड दिसते आणि सुट्या भागांच्या बाजारात ज्याला टिप म्हणतात, ते वास्तविक एका फार लांब आणि वळणावळणाच्या मार्गाचे अखेरचे वीतभर अंतर होय. परंतु पाहणाऱ्याच्या दृष्टीस तेवढेच पडत असल्यामुळे, त्या संपूर्ण मार्गात कोठेही झालेली चूक शेवटी त्या वीतभर अंतरावरच प्रकट होते. कारखान्यातून गाडीबरोबर आलेला सायलेन्सर उतरवून त्याच्या जागी बाजारातून घेतलेला दुसरा चढवला की पुष्कळदा असे आढळते की एका बाजूचे तोंड बंपरला टेकले आहे, दुसऱ्या बाजूचे खाली लोंबते आहे, किंवा दोन्ही एका पातळीत असूनही एक बोटभर बाहेर आले आहे आणि दुसरे आत दबले आहे. एवढी किंमत मोजून आणलेल्या वस्तूची ही दशा पाहून मालक कष्टी होतो आणि ‘हे तोंड तेवढे सरळ करून द्या’ असा तगादा फिटरकडे लावतो. फिटरही गिऱ्हाइकाचा शब्द मोडवत नाही म्हणून पहार घालून ते तोंड रेटतो. चार दिवस ते सरळ दिसते, आणि आठवडा लोटतो न लोटतो तोच पुन्हा पूर्वस्थितीला येते. कारण दोष तोंडाचा नव्हताच.

सायलेन्सरचा इतिहास जवळजवळ मोटारीइतकाच जुना आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिल्टन आणि मार्शल या रीव्ह्ज बंधूंनी इंजिनाचा आवाज शमवणाऱ्या साधनाचे पेटंट १८९७ साली मिळवले, तेव्हा मोटार ही रस्त्यावर क्वचितच दिसणारी वस्तू होती. त्यानंतर पाऊणशे वर्षांत या साधनाच्या आकारात आणि धातूत फेरफार झाले. पण त्याच्या व्यवस्थेला निराळे वळण लागले ते १९७० च्या अमेरिकन स्वच्छ हवा कायद्याने. त्या कायद्याच्या मर्यादा पाळता याव्यात म्हणून १९७५ च्या मॉडेलांपासून तेथील बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, आणि त्याला हात लावण्यास क्रमाक्रमाने सक्त मनाई झाली. हौशी मालकांना आणि कारागिरांना जी मुभा उरली ती कन्व्हर्टरच्या मागच्या भागापुरती. म्हणूनच आज बाजारात जे संच मिळतात त्यांतील पुष्कळसे कॅट-बॅक या जातीचे, म्हणजे कन्व्हर्टरच्या पाठीमागे सुरू होऊन बंपरपाशी संपणारे असतात. हे संच बनवणारे कारखाने कोठे कॅलिफोर्नियात, कोठे ऑस्ट्रियात, कोठे जपानात असतात. संच बेतला जातो तो एखाद्या नमुन्याच्या गाडीवर किंवा तिच्या मापाच्या साच्यावर, आणि शेवटी तो बसवला जातो तो भलत्याच मुलुखातील, चार पावसाळे आणि अगणित खड्डे सोसलेल्या, एखाद-दुसऱ्या वेळी मागून धक्का खाऊन दुरुस्त झालेल्या गाडीवर. साच्यातील गाडी आणि प्रत्यक्ष गाडी यांच्यातील तफावत कोठे तरी निघणारच. आणि ती निघते शेवटच्या टोकाला.

ही गोष्ट नीट ध्यानात येण्यासाठी गाडीच्या पोटाखाली काय असते हे एकदा पाहिले पाहिजे. सिलिंडरांतून सुटलेला तप्त वायू मॅनिफोल्डच्या नळ्यांत एकत्र येतो, कन्व्हर्टरमधून जाताना त्यातील विषारी अंशांचे पुष्कळसे निराकरण होते, आणि मग तो एकाच लांब नळीने मागे धावतो. ही नळी गिअरबॉक्सच्या शेजारून निघते, गाडीच्या तळपट्टीच्या खाचेतून जाते, मागील चाकांच्या मांडणीला वळसा घालते, पेट्रोलच्या टाकीला बगल देते आणि मफलरच्या डब्यात शिरते. तेथून एका किंवा दोन फाट्यांनी ती बाहेर येते. पुष्कळांची अशी समजूत असते की हे सारे गाडीला पक्के जखडलेले आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. नळीचे पुढचे टोक तेवढे इंजिनाला बोल्टांनी बांधलेले असते; बाकी सारा भार, मफलरच्या डब्यासह, रबरी कड्यांवर टांगलेला असतो, आणि तो तसा टांगता राहावा यातच सारी हिकमत आहे. इंजिन स्वतः रबराच्या गाद्यांवर बसलेले असते, अ‍ॅक्सिलरेटर दाबताच ते एका अंगाला झुकते, सोडताच परत येते, आणि आपल्याबरोबर नळीचे पुढचे टोकही हलवते. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत हा झोका सोसण्यासाठी नळीच्या आरंभीच जाळीदार वेष्टणाचा एक लवचीक तुकडा घातलेला असतो. तो पुष्कळसा धक्का पचवतो. उरलेला मागे पोचतोच.

दुसरी हालचाल याहून संथ, पण अधिक बलवान आहे, आणि ती उष्णतेची. पोलाद तापले की वाढते हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. परंतु ते किती वाढते याचा आकडा मांडला म्हणजे या प्रकरणातील निम्मे कोडे आपोआप सुटते. उत्तम प्रतीच्या संचांत वापरले जाणारे ३०४ जातीचे स्टेनलेस, ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, ते तापमानाच्या दर अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्षांशाच्या सुमारे १७ पट वाढते. नळी अडीच मीटर लांबीची धरली आणि रस्त्यावर चांगली तापल्यावर तिचे सरासरी तापमान ३०० अंशांनी चढले असे मानले, तर ती सुमारे १३ मिलिमीटर लांब होते. इंचाच्या आठव्या हिश्शाला आपले कारागीर सूत म्हणतात; त्या मापाने ही वाढ चार सुतांची. साध्या पोलादाची नळी त्याच परिस्थितीत ९ मिलिमीटरच्या आसपास वाढेल. म्हणजे जुना सायलेन्सर साध्या पोलादाचा होता आणि नवा ३०४ चा आला, तर पूर्वी पुरत असलेली फट आता पुरेलच असे नाही. पुढचे टोक इंजिनाला बांधलेले असल्यामुळे ही सारी वाढ मागच्या अंगाला निघते. मफलरच्या पुढे-मागे नळी जेथे आडवी वळते तेथे ती थोडी बाजूलाही सरकते. यासाठीच पुष्कळ गाड्यांत कारखान्यातूनच रबरी कड्या थंडपणी किंचित पुढे कललेल्या ठेवतात. नळी तापली की त्या ओळंब्यात येतात.

आता ज्याने आपल्या सायलेन्सरचे तोंड, गाडी थंड आणि उभी असताना, बंपरच्या खाचेत केस जाईल एवढीच फट ठेवून बसवून घेतले, त्याच्या गाडीत खंबाटकीचा घाट चढताना काय घडेल याचा वाचकांनी विचार करावा. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. हे द्रव्य १६० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडून आकार सोडू लागते. तापलेले तोंड त्याला घासत राहिले तर आधी रंग पिवळा पडतो, मग फुगतो, आणि शेवटी खाचेची कड ओघळते. माझे या विषयातील सारे म्हणणे यातच आले: तोंड नीट बसले की नाही, याचा निवाडा उभ्या गाडीवर होत नाही, तो तापलेल्या आणि हलणाऱ्या गाडीवर होतो. चारी बाजूंनी १० ते १५ मिलिमीटर फट राखून, ती फट सर्वत्र सारखी दिसेल अशी बैठक साधणे, हेच या कामातील कसब आहे. फट कमी करण्यात कसब नाही.

पुण्याच्या एका उपनगरात हे काम मी एकदा फार जवळून पाहिले. गाडी दोन तोंडांची होती, एकेक तोंड बंपरच्या एकेका टोकाला, आणि डाव्या बाजूचे उजव्याहून डोळ्यांत भरेल इतके खाली आले होते. मालकाने अर्थातच नळीकडे बोट दाखवले. वयस्क कारागिराने नळीकडे पाहिलेसुद्धा नाही. “आधी बंपर बघू द्या, साहेब. नळीला नंतर हात लावू,” एवढेच तो म्हणाला, आणि डिकीच्या कुलपाच्या मध्यावरून एक ओळंबा खाली सोडून त्या दोरीपासून बंपरच्या दोन्ही खाचांपर्यंतचे अंतर त्याने पट्टीने घेतले. दोन्ही मापांत दोन सुतांचा फरक निघाला. पूर्वी कधी तरी बंपर रंगासाठी उतरवला गेला होता आणि परत चढवताना एका अंगाची प्लास्टिकची अडकवण तुटलेली राहिली होती. त्यामुळे बंपर एकीकडे सरकून किंचित वर उचलला गेला होता. नवी अडकवण बसवताच दोषाचा मोठा हिस्सा नळीला हातही न लावता नाहीसा झाला. मग त्याने जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, त्या दुहेरी-तिहेरी घडी करून दोन्ही तोंडांच्या आणि खाचांच्या मधल्या फटीत चारी बाजूंनी खोचल्या, आणि पुठ्ठ्यांनी तोंडे जागच्या जागी तोलून धरलेली असताना पोटाखाली जाऊन सगळे बोल्ट सैल केले. सगळे, म्हणजे अगदी कन्व्हर्टरच्या मागच्या पहिल्या जोडापर्यंतचे. त्या क्षणी पुढच्या जोडातून धातू सुटल्याचा एक स्पष्ट आवाज आला. नळी इतके दिवस पीळ घेऊन बसलेली होती.

तो पीळ कसा भरतो हे समजण्यासारखे आहे. संच चढवणारा घाईत असला की प्रत्येक जोड लावता लावताच कसून घेतो. पहिला जोड कसताना नळी अर्धा अंश फिरली तरी त्याच्या हाताला ते कळत नाही. पण दोन तोंडांच्या मफलरमध्ये तोंडांतील अंतर एक मीटर धरले तर मफलर एका अंशाने कलल्याबरोबर एका तोंडाची उंची दुसऱ्याहून सुमारे साडेसतरा मिलिमीटरने, म्हणजे साडेपाच सुतांनी, वेगळी होते. म्हणून या कामाचा जुना आणि बिनचूक शिरस्ता असा की सारे जोड प्रथम हाताने फिरतील एवढेच लावावेत, सगळा संच कड्यांवर टांगावा, मागून तोंडांची जागा मुक्रर करावी, आणि नंतर पुढून मागे येत एकेक जोड कसावा. प्रत्येक जोड कसल्यावर मागे जाऊन फट पुन्हा पाहावी. नव्या संचांतील बहुसंख्य तक्रारी एवढ्यानेच मिटतात, करवतीला हात लावावा लागत नाही.

जोडांच्या बाबतीत एक तपशील सांगितला पाहिजे. एक नळी दुसरीत दीड-दोन इंच सरकवून वर पट्टा आवळण्याची जी पद्धत आहे, तीत लांबी आणि फिरकी दोन्ही साधता येतात. आत-बाहेर सरकवून तोंड पुढे-मागे, आणि फिरवून वर-खाली. परंतु हा पट्टा सपाट आणि रुंद असला तरच ही सोय टिकते. घोड्याच्या नालाच्या आकाराचा जो स्वस्त क्लॅम्प मिळतो तो नळीला चिमटून तिच्यात खोल वळ उठवतो, आणि एकदा तो वळ पडला की नळी पुन्हा सरकत नाही की फिरत नाही. दहा-वीस रुपयांच्या या किफायतीपायी पुढची सारी सुधारणा अशक्य होऊन बसलेल्या गाड्या गॅरेजात नित्य येतात.

रबरी कड्यांकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. जुन्या कड्या वर्षानुवर्षे भार सोसून लांबलेल्या असतात, त्यांच्या भोकांच्या कडांना चिरा गेलेल्या असतात, आणि पुष्कळदा एकीकडची कडी मागे कधी तरी बदललेली व दुसरीकडची मूळचीच असते. मग नव्या संचाचे तोंड एकीकडे उतरले तर आश्चर्य कसले? नवा संच चढवताना सगळ्या कड्या एकदम नव्या घालाव्यात हे उत्तम. त्या चढवताना ग्रीस किंवा इंजिन ऑइल मुळीच लावू नये, कारण खनिज तेलाने हे रबर फुगते आणि कुजते. साबणाचे पाणी पुरते. ज्या सळईवर कडी चढते ती सळई थोडी वाकवून तोंडाची उंची साधता येते, आणि दोन-तीन सुतांच्या फरकाला हा मार्ग वाजवीच आहे. मात्र सळई वाकवताना एक पाईप तिच्या मुळाशी आधाराला घालावा आणि दुसऱ्या पाईपने टोक वाकवावे. मफलरच्या डब्याला तरफेसारखे वापरून रेटू नये. डब्याचा पत्रा पातळ असतो, आणि सळई जेथे त्याला झाळलेली असते तेथूनच तो फाटतो.

एवढे सर्व करूनही तोंड जागेवर येत नसेल, तरच कापण्याचा विचार करावा. येथे भूमिती कारागिराच्या मदतीला धावून येते, आणि मला स्वतःला या कामातील हा भाग सर्वांत देखणा वाटतो. समजा, नळी अडीच इंची, म्हणजे साडेत्रेसष्ट मिलिमीटर व्यासाची आहे, आणि तोंड वर उचलायचे आहे. नळीच्या वरच्या अंगाला एक सूत रुंद आणि खालच्या अंगाकडे निमुळती होत होत शून्य होणारी अशी पाचर कापून काढली, खालची बारीकशी कड तशीच राखली, आणि खाच मिटवून घेतली, तर नळी जवळजवळ तीन अंशांनी वर वळते. एका सुताचे अडीच इंचांशी जे प्रमाण आहे ते बरोबर विसाव्या हिश्शाचे; म्हणून त्या कापापासून अर्धा मीटर मागे असलेले तोंड अर्ध्या मीटरच्या विसाव्या हिश्शाने, म्हणजे २५ मिलिमीटरने, वर येते. एका सुताच्या पाचरीने एक इंचाचा फरक! कापायचे कोठे, हेही या हिशेबानेच ठरते. मोठा फरक हवा असेल तर तोंडापासून दूर कापावे. तोंडाच्या जवळ कापले तर ते जागचे फारसे हलत नाही, फक्त त्याची नजर बदलते, आणि ते आकाशाकडे पाहू लागते. दोन्ही हवे असेल, म्हणजे तोंड वरही यायला हवे आणि रस्त्याशी समांतरही राहायला हवे, तर एक पाचर दूर वरून आणि दुसरी तेवढीच पाचर तोंडाजवळ खालून काढावी लागते. अंदाजाने कापणारा मनुष्य तीनदा कापतो आणि शेवटी नळीच आखूड पडते. खडूने रेघ आखून हिशेबाने कापणारा एकदाच कापतो.

कापलेला भाग गाडीवर असतानाच पुरता झाळण्याचा मोह आवरावा. पुठ्ठ्यांनी तोंड जागेवर धरून चार ठिकाणी नुसते टाके मारावेत, संच उतरवून मेजावर घ्यावा आणि तेथे सांधा पूर्ण करावा. वेल्डिंगची रेघ थंड होताना आखडते आणि नळीला आपल्याकडे ओढते. म्हणून एका बाजूने सरळ फिरत न जाता समोरासमोरचे तुकडे आळीपाळीने भरले, तरच साधलेला कोन टिकतो. टाके मारण्यापूर्वी बॅटरीचे टर्मिनल सोडणे आणि पेट्रोलच्या टाकीपासून ठिणगी दूर राहील असा बंदोबस्त करणे, या दोन गोष्टींत जो कसूर करतो त्याच्याकडे काम देऊ नये. स्टेनलेस झाळताना बाहेरून आर्गॉन वायूचे आवरण असतेच, पण नळीच्या आतही आर्गॉन भरला नाही तर सांध्याची आतली बाजू हवेतील प्राणवायूने जळून काळी, खरबरीत आणि ठिसूळ होते. बाहेरून सोनेरी-निळी झाक मारणारा सुंदर सांधा मग वर्ष-दीड वर्षात कंपनाने तडकतो. स्टेनलेसची नळी साध्या पोलादाच्या जुन्या नळीला जोडायची असेल तर ३०९ जातीची भरणसळई वापरावी, नेहमीची ३०८ नव्हे. क्रोमियमयुक्त धूर फुप्फुसांना घातक असतो, तेव्हा कारागिराच्या तोंडावर योग्य मुखवटा आणि खोलीत वारा हवाच. आपल्याकडे याबाबत जी बेपर्वाई दिसते ती पाहून जीव तुटतो.

सांधे घट्ट असण्याचा संबंध केवळ टिकाऊपणाशी नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो; त्याला रंग नाही, वास नाही. धावणाऱ्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी झालेला असतो, त्यामुळे पोटाखाली गळणारा किंवा बंपरच्या आतच सुटणारा वायू डिकीच्या रबरातून, दिव्यांच्या सांध्यांतून प्रवाशांपर्यंत खेचला जाऊ शकतो. म्हणून तोंड बंपरच्या कडेच्या आत दबलेले असणे हा केवळ शोभेचा दोष नव्हे. ते दोन-तीन सूत बाहेर असावे, म्हणजे वायू मोकळ्या हवेत जातो आणि बंपरही काळवंडत नाही. त्याहून अधिक बाहेर आले तर डिकीत सामान ठेवणाऱ्याच्या नडगीला ते भाजते.

मफलर फिरवून तोंडांची पातळी साधताना आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि गाडी थंड असताना त्याचा काही अंश मफलरच्या डब्यात साठतो. ते झिरपून जावे म्हणून पुष्कळ मफलरांना तळाशी एक बारीकसे भोक ठेवलेले असते. डबा फिरवल्यावर हे भोक तळाशी न राहता बाजूला गेले, तर पाणी आत तुंबते आणि डबा आतून कुजतो. कोकणातल्या दमट हवेत, जेथे रोज दोन-चार मैलांचीच फेरी होते आणि मफलर पुरता तापतच नाही, तेथे तर हे फार लवकर घडते. तेव्हा फिरवण्यापूर्वी भोक पाहून ठेवावे.

कायद्याची बाजूही येथेच नमूद केली पाहिजे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांस बंदी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका अधिक कडक शब्दांत मांडली. आवाजाचे व प्रदूषणाचे मानदंड मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंडाची किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आवाज वाढवणारे सायलेन्सर जप्त करून ते रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये महाराष्ट्रातील अनेक शहरांनी पाहिली आहेत, आणि रुग्णालयाच्या दारावरून रात्री-अपरात्री बार उडवत जाणाऱ्यांबद्दल मला यत्किंचितही सहानुभूती नाही. परंतु तोंडांच्या बैठकीशी थेट संबंध आहे तो १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दोन अटींचा, ज्या फारशा कोणाला ठाऊक नसतात. एक अशी की धुराची नळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत येता कामा नये. दुसरी अशी की वायू खाली किंवा डावीकडे सोडला जाऊ नये. आपल्या रस्त्यांवर डावीकडे पादचारी असतात, आणि खाली सोडलेला वायू धुरळा उडवतो, हे लक्षात घेतले म्हणजे या अटींचा शहाणपणा पटतो. त्यामुळे डाव्या कोपऱ्यातील तोंड शोभेसाठी बाहेरच्या अंगाला वळवून घेणे किंवा खाली झुकवून घेणे, हे दिसायला किरकोळ असले तरी नियमभंगच आहे. पीयूसीच्या तपासणीतही तोंडाचा संबंध येतो: टिप नळीवर सैल चढवलेली असली तर मधल्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिळणारा दाखला खरा राहत नाही. टिप झाळलेली किंवा पक्क्या पट्ट्याने आवळलेलीच असावी.

ज्यांना आपल्या गाडीवर हे काम करून घ्यायचे आहे त्यांनी प्रथम नव्या संचाचा आवाज आणि त्याला लागणारी परवानगी यांची खातरजमा करावी, जुना संच भंगारात न देता जपून ठेवावा, आणि गॅरेजात गाडी देताना दोन गोष्टी मागून घ्याव्यात: नव्या कड्या आणि रुंद पट्ट्याचे क्लॅम्प. काम झाल्यावर लगेच पैसे देऊन निघू नये. गाडी अर्धा तास चांगली चालवून आणावी, एखादा चढ चढावा, दोन-चार गतिरोधकांवरून न्यावी. परत येताच, ती तापलेली असतानाच, इंजिन चालू ठेवून दुसऱ्या माणसास अ‍ॅक्सिलरेटर दाबावयास सांगावे आणि आपण मागे, पण धुराच्या वाटेपासून बाजूला, बसून तोंडे किती हलतात, फट चारी बाजूंनी शिल्लक राहते की नाही, हे पाहावे. हात लावू नये. पुठ्ठ्याची पट्टी फिरवून पाहावी. ती कोठेही अडली तर जोड सैल करून पुन्हा बसवण्यास सांगावे. शंभरेक किलोमीटरनंतर, गाडी रात्रभर थंड झाल्यावर, सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. पहिल्या काही तापण्या-निवण्यांत ते सैल पडतातच.